आतली कडी

पेस्ट कंट्रोलवाल्यानं अंगणात पुरलेल्या सापळ्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उघडलं. भोकं पाडलेल्या नळीतला ओला पुठ्ठा कुरतडलेला होता, पण वाळवीचा पत्ता नव्हता. वाळवी पुठ्ठ्यात रुळली की मगच विष ठेवायचं असतं; ती वेळच आली नव्हती. “काकू, रोज उघडून बघत होतात ना?” त्यानं घरमालकिणीला विचारलं. “काळजी वाटायची हो.” “अहो, महिनाभर हात लावू नका म्हणून बजावलं होतं! तिला अंधार लागतो, निवांतपणा लागतो. सारखं कुणी डोकावलं की ती जागाच सोडते, मग कितीही…” वाक्य अर्धवट सोडून तो झाकण परत बसवू लागला. आई वारल्यापासून त्याची लेक खोलीचं दार लावून बसायची. जिवाचं बरंवाईट करेल या धास्तीनं त्यानंच आतली कडी काढून टाकली आणि येताजाता डोकावत राहिला. एका सकाळी ती बॅग भरून निघून गेली. काकूंकडून घरी परतल्यावर त्या संध्याकाळी त्याच स्क्रूड्रायव्हरनं त्यानं तिच्या रिकाम्या खोलीला आतून पुन्हा कडी बसवली.