बोट लागली

बांगलादेशाच्या लढाईच्या साली आम्ही गुलमंडीच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायचो, छावणीच्या दवाखान्यात डबे न्यायचो. आमच्या महिला मंडळाची पुढारीण मीच. दुसरीला बोलता येत होतं कुठं? एका सकाळी साळूबाई नळावर हसतच आली. "बद्री सुट्टीवर आलाय. म्हणतो, बोट लागली!" तिचा पोरगा नेव्हीत. समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला? नोकरी लागते तशी बोट लागली असेल, असं धरून आम्ही गल्लीभर साखर वाटली आन् हार घेऊन तिच्या घरी गेलो. बद्री खाटेवर, चिपाडासारखा वाळलेला. हार बघून त्याला रडूच फुटलं. "मावशी, गाडी लागते तशी बोट लागते मला. पोटात पाणी ठरत नाय. मी परत जाणार नाय." साळूबाईनं पदर डोळ्याला लावला. लढाई तोंडावर असताना पोरगा घरी बसला, तर घराण्याला जन्माचा डाग. बायका खाली बघायला लागल्या. मी हार त्याच्या गळ्यात घातलाच. "आरं, मला फुलंब्रीच्या मोटारीत दर खेपेला ओकारी येते. म्हणून माहेरी जायचं सोडलं का मी?" बद्री डोळे पुसता पुसता हसला. मी साळूबाईला बरणीतली सगळी आवळासुपारी त्याच्या पिशवीत भरायला लावली. सुट्टी संपली त्या दिवशी आम्ही साऱ्या जणी टेसनावर गेलो. गाडी हलली तसं त्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "मावशी, मोटारीत मागं बसू नका, पुढं बसा!" मंडळातल्या बऱ्याच जणी गेल्या, मी अजून पुढंच बसते.