लाल रेघेच्या आत

स्टीलवर लाल मेणखडूनं काढलेली गोल रेघ. पार तळाशी एक लाल फुली.

फडक्यात बांधलेलं बिअरचं वाळकं विरजण.

काळा कोट, इस्त्री केलेला. एक बटण नाही.

दारात बिअरसाठी तोडलेल्या जुनिपरच्या ओल्या फांद्या.

उतारावर उलटा पडलेला ट्रॅक्टर. तो अजून कुणी सरळ केलेला नाही.

तोरगिल्सनं बिअरच्या रिकाम्या स्टीलच्या पिंपाची झडप दाबून धरली. आत कोंडलेली हवा फुसकन सुटली आणि गोठाभर शिळ्या बिअरचा आंबूस वास पसरला.

"संपलं त्याचं," शेजारचा आस्लाक म्हणाला. "आता काप. रेघ आहेच."

रेघ ब्रिन्यारची होती, तोरगिल्सच्या पोराची. पिंपाचं डोकं कापून हंडा करायचा, तर त्याचं तोंड केवढं हवं ते पोरानं स्वतः आखून ठेवलं होतं. तोटीचं भोक कुठं पाडायचं, तिथं फुली. परवा त्याला पुरून माणसं चर्चमधून सरळ इथंच येणार. मयताची बिअर घरच्या विरजणाची आणि घरच्याच चुलीवरची लागते. आज शिजली तर परवा पिता येईल. उद्या शिजवून उपयोग नाही.

तोरगिल्सनं चष्मा चढवला. कटर सुरू केला. ठिणग्या उडाल्या.

पातं रेघेवर गेलं नाही. रेघेच्या आतून, दोन बोटं सोडून, फिरत राहिलं.

"अरे आत चाललास! आत!" आस्लाक ओरडला. कटरच्या आवाजात ते विरलं.

चकती सुटली. तोरगिल्सनं ती झडपेसकट उचलून बाजूला ठेवली. पिंपाला तोंड झालं होतं, आणि तोंडाभोवती लाल रेघ तशीच, सबंध.

"डोळे घरी ठेवून आलास का?"

"चालतंय एवढं."

ब्रिन्यारची आई, गुनवोर, घरातून लाकडी ओगराळं घेऊन आली. या घरात दुसऱ्या कशानं कधी बिअर ढवळली नव्हती. तिनं ते पिंपात सोडलं. अडकलं. आडवं केलं, तिरपं केलं. अडकलं.

"माप त्यानं यावरूनच घेतलं होतं," ती म्हणाली.

"दुसरं काहीतरी घे," तोरगिल्स म्हणाला.

"दुसरं कुठलं?"

आस्लाकनं कटरसाठी हात पुढे केला. "दे इकडं. मी कापतो."

"हात लावायचा नाही."

"अरे, पण आज चूल नाही पेटली तर..."

"म्हटलं ना, हात लावायचा नाही."

आस्लाकनं टोपी मागं सरकवली. गप्प बसणं त्याला कधी जमलंच नाही. "चला, आटपा बाबांनो. विरजण घालताना ओरडायचंय अजून सगळ्यांनी. ओरडलं नाही तर बिअर मिळमिळीत होते. तुमचा ब्रिन्यार ओरडला की खाडीपलीकडची कुत्री..."

तो थांबला.

मग त्यानं हळूच विचारलं, "तू ओरडशील ना, गुनवोर?"

ती पिंपाकडे बघत होती.

"तोरगिल्स," ती म्हणाली. "काप."

"जाईल ती."

"जाऊ दे. रेघ ठेवून काय करायचंय? उशाशी घेऊन झोपणार आहेस?"

त्यानं कटर उचलला. या वेळी पातं रेघेवरच टेकवलं. हळूहळू, फार हळूहळू फिरवलं. पातं पुढं जाई तसा मागं लाल रंग उरत नव्हता. शेवटचं टोक तुटलं आणि दोन बोटं रुंदीचं कडं सुटून आत पडलं. पिंप वाजलं. वाजत राहिलं.

गुनवोरनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ते बाहेर काढलं.

"टाक ते! तापलंय!" आस्लाक ओरडला. "टाक म्हणतो ना!"

तिनं टाकलं नाही. मूठ आणखी आवळली. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठल्या. आवाज निघाला नाही.

तोरगिल्सनं कानस घेतली आणि पिंपाची धार घासायला लागला. तळाशी फुली अजून बाकी होती.

या घरचा तांब्याचा हंडा उचलायला तीन माणसं लागतात. ब्रिन्यार हिवाळ्यात बर्गन शहरात राहायला जाणार होता, मागं घरात दोघंच उरणार, म्हणून ईस्टरला त्यानं हे हलकं पिंप आणलं.