फरक शून्य

या मायबाप, जवळ सरकून बसा, एक गंमत सांगतो. आमच्या डायलिसिस केंद्रात रुग्णांना तारखेचा मेसेज पाठवणारी जुनी पर्ल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्राम, आहे. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ओजसनं ती नीटनेटकी केली. "मॅडम, नुसत्या मोकळ्या जागा अन् कंस बदललेत की!"

"एक मेसेज चुकला तर मंद्रूपच्या सारजाबाईंचं डायलिसिस चुकेल, बाबा," असं म्हणत केंद्रप्रमुख चेतनामॅडमनी जुनी आणि नवी, दोन्ही चालवून ताडून पाहिल्या. फरक शून्य. दोन्हींतून एकही मेसेज निघाला नाही!

"अरे, मग लोक रोज वेळेवर येतात कसे?" मॅडमनी विचारलं.



कारकून गोपाळकाका चष्मा पुसत म्हणाले, "मीच सकाळी सगळ्यांना फोन करतो की. कॉम्प्युटरचा पाणउतारा नको म्हणून बोललो न्हाय."

हरिनाम घ्याल तेव्हा आमच्या काकांना आठवा.