तेरावं नाव

धनवंता आणि बाया छापण्यासाठी वाळवलेली कोरी कापडं घेऊन समाजमंदिरात परतल्या, तेव्हा संग्रहालयाच्या साहेबांनी फळीवर रेघ कोरून संपवली होती. वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत. बोटभर रुंद.

दुर्गेश्वरीबाईच्या जुन्या दाराची ती फळी. बारा बायांनी दोन महिने कोरलेली. तिच्यावर चित्र होतं: कुलूपबंद आरोग्य उपकेंद्र आणि त्याच्या पायरीवर कळा सोसत बसलेली बाई.

"हे काऊन केलं जी?" धनवंताने विचारलं.

"नियम आहे, मॅडम." साहेब पटाशी पुसत होते. "एक प्रत आम्ही घेतली. मग ठसा रद्द करावा लागतो, म्हणजे दुसरी निघत नाही. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे. खाली तुमचीच सही आहे."

सही तिचीच होती. सगळ्यांना फॉर्म तिनंच वाचून दाखवला होता. तिसऱ्या पानाशी कडेवरची पोरगी रडली आणि तिनं घाईत पान उलटलं होतं.

"उद्या ग्रामसभा हाय," ती म्हणाली. "वीस कापडं छापून टांगायची हायेत. या रीनाचे दिवस भरले. कुलूप तसंच हाय."

"पण तुमचं काम आता कायमचं जतन होईल ना! फक्त कलाकाराचं नाव सांगा."

"बारा हायेत."

"रकान्यात एकच बसतं हो. मुख्य कोण?"

"दार माह्या घरचं होतं," दुर्गेश्वरीबाई म्हणाली. "दारच लिवा."

बाया हसल्या. धनवंता हसली नाही. तिनं पोरगी रीनाच्या हाती दिली, रूळ शाईत घोळवला आणि फळीवर फिरवला. रेघेत शाई उतरली नाही. तिनं वर कापड अंथरलं.

"चढा वं."

बाया चपला काढून कापडावर चढल्या. नेहमीसारख्या टाचा दाबत, एकमेकींचे खांदे धरून. रीना तेवढी खाली बसून राहिली.

"अहो, रद्द झालाय तो!" साहेब ओरडले.

धनवंताने कापड उचललं. पांढरी रेघ कुलपावरून निघाली होती आणि थेट बाईच्या पोटावरून गेली होती. रीनाने पोटावर पदर ओढला.

धनवंताने ब्रश घेतला. कापडाच्या खालच्या काठावर एकेक करून बारा नावं लिहिली. मग मान वर केली.

"तुमचं नाव सांगा जी. पुरं सांगा. रेघ तुमची हाय."

साहेब फॉर्म पिशवीत कोंबू लागले.

ती ब्रश तसाच धरून थांबली. शाईचा एक थेंब बाराव्या नावाखाली पडला.