सातवी पिपेट

स्टँडवर सहा पिपेटी होत्या, चार दहा मिलिलिटरच्या, दोन पाचच्या. सातवी, तीही दहाचीच, खिडकीतल्या चहाच्या ग्लासात एकटी उभी होती. तिच्या गळ्याशी पांढरा दोरा बांधलेला होता. पिपेट ओढायचे रबरी फुगे केव्हाच चिरून गेले होते. साखर कारखान्याच्या या प्रयोगशाळेत सगळे नळीला तोंड लावूनच पाणी ओढत. सहा पिपेटी सगळ्यांच्या. दोऱ्याची पंचशीलाची.

तसं तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. कामाला लागली त्या दिवशी इथल्या मदतनीस रामने ती तिच्या हातात ठेवली, एवढंच. त्याआधी ती इथे काचसामान धुणाऱ्या अमरदीपची होती. अमरदीपही खटकचिंचोळीचाच, तिच्याच भीमनगरातला.

आज सहायक केमिस्टच्या जागेसाठी परीक्षा होती. जागा एक, उमेदवार दोघी. विजयश्री बीएस्सी झालेली, दोन हंगाम इथे रसाचे नमुने तपासत होती. पंचशीला कलबुर्गीहून एमएस्सी होऊन आली होती आणि तेच दोन हंगाम काचसामान धूत होती. ही जागा गेली तर तिसरा हंगामही मोरीपाशीच जाणार होता.

"दोघींना पाणी एकच," मुख्य केमिस्ट आप्पाराव म्हणाले. "बॉयलरचं समजा. किती जड हाय, म्हंजी क्षार किती, ते काढायचं. मी सोता बनवलंय, उत्तर मला ठावं हाय. शंभरात दोनाचा फरक चालंल, त्याच्यावर न्हाई. घ्या आपापल्या पिपेटी."

पंचशीलाने ग्लासातली उचलली.

दहा मिलिलिटर पाणी, त्यात चिमूटभर रंग, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण, लालसर पाणी निळं होईपर्यंत. जितके मिलिलिटर द्रावण लागेल त्याच्या शंभरपट पाण्याचा जडपणा. तिचा पहिला आकडा आला सात पूर्णांक सात. दुसरा तोच. तिसराही तोच. तिला बरं वाटलं.

"विजयश्री, आठशे. पंचशीला, सातशे सत्तर." आप्पारावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "उत्तर आठशे हाय."

राम फडताळाला टेकून उभा होता. "एमएस्सी की ओ, सर! कलबुर्गीत पाणी हलकंच असतंय वाटतं."

"गप बस रे." आप्पारावांचा आवाज खाली आला. "पंचशीला, वाईट वाटून घिऊ नको. हात बसायला वेळ लागतोय. पुढच्या हंगामात बघू."

"हात चुकला असता सर, तर तीनदा तीन आकडे आले असते."

ती आपली पिपेट घेऊन स्टँडपाशी गेली. विजयश्रीने वापरलेली काढली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या.

"आगं, तिच्याजवळ कामून ठेवायलीस?" राम पुढे आला.

तिने शून्याच्या दोन्ही रेघा एका ओळीत आणल्या. दोऱ्याची पिपेट खाली बोटभर आखूड होती. मोडलेलं टोक कुणीतरी दिव्यावर धरून इतकं सुरेख गोल केलं होतं, की एकटी उभी असताना ती पुरीच दिसे. दोन हंगाम तिने त्या पिपेटीने फक्त धुण्याचा सोडा मोजला होता. सोड्याला थोडं कमीजास्त चालतं.

"अक्का, मला ठाऊक नव्हतं गं," विजयश्री हळूच म्हणाली.

"मला तरी कुठं होतं?"

आप्पाराव वाकून बघत होते. "एवढ्यानं काय हुतंय? रेघा तर त्याच हायत."

"शेवटची रेघ म्हणजे टोक, सर. टोकच न्हाई. पाणी ओढून तोलून बघू. दहा मिलिलिटरचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास यायला पायजे."

"मग ओढ की."

"मी न्हाई. मी ओढलं तर परत माझाच हात म्हणाल. तुमी ओढा."

बाहेर गाळपाची घरघर चालू होती. राम म्हणाला, "स्टोअरात नवा फुगा असंल, बघून येऊ का?"

"स्टोअरला कुलूप हाय. स्टोअरवाले जेवायला गेलेत," विजयश्री म्हणाली.

आप्पारावांनी आधी स्टँडवरची पिपेट भरली आणि काट्यावरच्या चंचुपात्रात रिकामी केली. नऊ पूर्णांक शहाण्णव.

"ही बरोबर," ते म्हणाले.

मग त्यांनी दोऱ्याची उचलली. नळाखाली धरली. नळ बंद केला, पुन्हा सोडला. पंचशीला बघत होती. ती पिपेट तिने सकाळीच धुतली होती. स्टँडवरच्या सहाही तिनेच धुतल्या होत्या. आप्पारावांनी खिशातून रुमाल काढला. रुमाल हातात आला आणि हात तिथेच थांबला.

"आणा सर, मी ओढते," विजयश्री म्हणाली.

"थांब."

त्यांनी रुमाल परत खिशात घातला. पिपेट पाण्यात बुडवली आणि वरचं टोक ओठांत धरलं. गाल आत गेले. पाणी चढत चढत शून्याच्या वर आलं. त्यांनी बोट दाबलं, पाणी रेघेवर आणलं, आणि मग शेवटच्या थेंबापर्यंत सोडून दिलं. राम खिडकीबाहेर बघत राहिला.

काट्यावरचे आकडे जरा हलले आणि थांबले.

नऊ पूर्णांक अठ्ठावन्न ग्रॅम.