बटणावरचा अंगठा

कान तपासायची ती खोली म्हणजे आतून फोम लावलेली, एकच काचेची खिडकी असलेली पेटी होती. दार लावलं की बाहेरचा कसलाही आवाज आत यायचा नाही. हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की पेशंटनं हातातलं बटण दाबायचं, मग बाहेरच्या यंत्रावर दिवा लागायचा.

आज आत तपासणारीचा सख्खा मामाच बसला होता. मामा बस चालवायचा. कान नापास झाले तर स्टिअरिंग सुटणार, म्हणून सकाळपासून उसने विनोद करत होता.

तिनं अजून आवाज सोडलाच नव्हता, तरी दिवा लागला.

"मामा, चेष्टा पुरे," ती माइकवर म्हणाली.

"अगं, मी कुठे काय केलं? तू सुरू तर कर."

काचेतून त्याचा अंगठा तिला स्पष्ट दिसत होता. बटणावर दाबलेला.

हेडफोनमध्येच कसली खरखर येत असेल आणि त्याच्याकडून नकळत बटण दाबलं जात असेल, म्हणून तिनं मामाला बाहेर बसवलं आणि स्वतः आत जाऊन दार लावून घेतलं. हेडफोन चढवला, बटण हातात घेतलं. स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकू आला. बाकी शुकशुकाट.

काचेपलीकडून मामानं बोट दाखवलं. दिवा लागला होता.

"यंत्रच बिघडलंय," ती मोठ्यानं म्हणाली. बोलता बोलता दिवा विझला. ती गप्प झाली, तसा परत लागला.

मामा आता दिव्याकडे बघत नव्हता. तिच्या हाताकडे बघत होता.

तिनं खाली पाहिलं. नख पांढरं पडेपर्यंत तिचा अंगठा बटणावर दाबलेला होता, आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं.