एकतिसावा सेकंद

"ताई, उठा! श्वास घ्या!" डॉक्टरीणबाई मला गदागदा हलवत होत्या. डोक्याला चिकटवलेल्या वायरी ताणल्या गेल्या.

मी डोळे उघडले ते भडकूनच. "कशाला उठवलंत?"

झोपेत मेंदू काय करतो, याचा त्या अभ्यास करतात. मी त्यांच्या प्रयोगशाळेत दुपारची झोपायला आले होते. त्यांनी पडद्यावरची एक रेघ दाखवली. "मेंदूच्या लहरींवरून दिसतं, तुम्ही स्वप्नात होतात. पण पंचवीस सेकंद श्वासच आत घेतला नाहीत. हा आजार असू शकतो."

"आजार कसला? दम आहे तो! कबड्डीत चढाईला गेलं की परत येईपर्यंत श्वास घ्यायचा नसतो. दोघींना मारून परतत होते मी. मध्यरेषा वीतभर राहिली होती, आणि तुम्ही मला मैदानातून ओढून आणलंत!"

त्यांची नजर माझ्या चाकाच्या खुर्चीकडे गेली. अपघाताला सहा वर्षं झाली. कमरेखाली काही हलत नाही.

"तिच्याकडे काय बघताय? ती इथली. तिकडे मी अजून संघात आहे. मला पुन्हा झोपू द्या."

"पण श्वास थांबला तर मला यावंच लागेल, ताई."

"मग घड्याळ लावा. चढाई तीस सेकंदांची असते. एकतिसाव्याला खुशाल या. त्याआधी मैदानात पाय टाकायचा नाही."

मी डोळे मिटले. पलंगाची कडा शिवून बोटं कपाळाला लावली, चढाईला निघताना रेघ शिवून लावायचे तशी.